हमाम बंद आहे

मेकनेस,
१३ एप्रिल २०२०

ती. तामू वन्सं यांस,
रकियाचा स. वि. वि.

पत्र बघून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. इथे सगळे धडधाकट आहेत. कोणाला ताप नाही, खोकला नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत कसं चाललंय, आणि मी बरं आहे, बरं आहे म्हणत फोन ठेवला. काय करू? घरात फोन एक, त्यावर सकाळभर वियामची शाळा. खोलीही एकच. संध्याकाळी तुमच्याशी बोलते तेव्हा हे हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून बसलेले असतात. तुमच्या भावाबद्दल तुमच्या भावासमोर काय बोलणार? म्हणून हा कागद. स्टितूचा मासळीचा ट्रक लाराशहून इथल्या बाजारात येतो, मालाच्या गाड्यांना तेवढी मुभा आहे. त्याच्या हाती देते. कागदाला सार्डिनचा वास आला तर दोष माझा नाही.

आमचा हमाम बंद होऊन महिना होत आला. सगळ्या शहरातलेच बंद आहेत. मालक हाज म्हणाले होते, पंधरा दिवसांची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी हातावर थोडं ठेवलं, आता फोन उचलत नाहीत. तुम्हाला तर माहीत आहे, लग्न झाल्यापासून पहाटेच्या वेळी मी यांना घरात पाहिलेलंच नाही. गल्ली झोपेत असायची तेव्हा हे भट्टी पेटवायला गेलेले असायचे. बायका अंघोळीला येईपर्यंत पाणी उकळलेलं हवं. आता हे त्याच वेळेला उठतात आणि अंधारात बसून राहतात. दिवसभर काहीतरी घासतात. घरातली पातेली इतकी घासलीत की परवा वियाम म्हणाली, बाबा, आता तळाला भोक पडेल. हे हसले नाहीत. एरवी पोरीच्या असल्या बोलण्यावर गडगडाटी हसणारा माणूस.

आणि यांना थंडी वाजते, वन्सं. बाहेर नारिंगाच्या फुलांचा वास सुटलाय, लोक गच्चीवर झोपायला लागलेत आणि हे लोकरी जलाबा अंगातून काढत नाहीत.

मी मस्मनच्या रोट्या करून विकायला सुरुवात केली आहे. सकाळी तवा लावते, शेजारपाजारचे घेऊन जातात. पीठ-तेल वजा जाता घर कसंबसं चालतं. तेव्हा त्याची काळजी नको. तुम्ही फक्त यांना चार शब्द लिहा. तुमचं ते ऐकतात.

शैमाला माझी पापी. लोभ आहेच, तो या दिवसांत जरा घट्ट धरून ठेवा.

तुमची,
रकिया


लाराश,
२८ एप्रिल २०२०

चि. सौ. रकिया हिस,
तामूचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. सार्डिनच्या वासाचं मला सांगू नकोस, माझा जन्म मासे डब्यात भरण्यात गेला. आमचा कारखाना चालू आहे. तोंडाला फडकं बांधून, दोघींमध्ये हातभर जागा सोडून उभं राहायचं. चष्म्यावर वाफ येते आणि माशाऐवजी बोट कापतं. पण पगार येतोय, तक्रार नाही. शैमाचं नर्सिंगचं कॉलेज बंद पडलंय, ती घरी आहे. मी सांगते आणि ती लिहिते आहे.

आता अल्लालचं. रकिया, तोंडावर बोलते, राग मानायचा तर मान. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता. मी त्याला वाढवलं. तो कधी असा नव्हता. अंगात ताप असतानाही गोण्या वाहणारा पोरगा घरात बसून पातेली घासतो, याला काहीतरी कारण असणार. तू त्याला काय बोललीस? काहीतरी बोलली असशीलच. बायकोने दारात तवा मांडून मस्मन विकायचे आणि नवऱ्याने कोपऱ्यात बसून बघायचं, मग त्याला थंडी वाजणार नाही तर काय होईल? आधी विचारायचं होतंस मला. चार पैसे मी पाठवले असते. पुरुषाचा मान एकदा गेला की तो बाजारात मिळत नाही.

रमजान लागला आहे. त्याला हरीरा दाट लागते, चणे जास्त घाल. रोजा सोडताना त्याच्याशी गोड बोल. बाकी सगळं ठीक होईल. वियामला म्हणावं, आत्याने विचारलंय, पाढे पाठ झाले का?

तुमच्यावर माझी माया आहे. ती बोलण्यात दिसत नाही एवढंच.

तामू

मामी, हे खालचं आईने सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने लिहिते आहे. वरचं मनावर घेऊ नका. सांगून झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला एवढं कळवा: मामांना झोप किती लागते? जेवतात का? छातीत धडधडतं का? घाबरवायला विचारत नाही, पण कळवाच. — शैमा


मेकनेस,
१९ मे २०२०

ती. वन्सं यांस,
स. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वेडंवाकडं लिहिलं गेलं असतं. मान बाजारात मिळत नाही हे खरं, पण पीठ बाजारातच मिळतं आणि दुकानदार मानावर देत नाही. एवढंच म्हणते आणि तो विषय सोडते.

चि. शैमाने विचारलेल्याचं उत्तर. झोप नाही. जेवण नाही, संध्याकाळी मगरिबची बांग झाली की खजूर तोंडात टाकतात, पाणी पितात आणि हरीरेचा वाडगा माझ्याकडे सरकवतात. चणे जास्तच घातले होते, वन्सं.

छातीचं मात्र मोठं प्रकरण झालं. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात हे म्हणायला लागले की श्वास पुरत नाही. रोग आपल्याला लागला, याची यांना खात्रीच झाली. अंथरूण उचललं आणि गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत गेले. वियामने जवळ यायचं नाही, मी ताट उंबऱ्यावर ठेवायचं. मी घाबरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकात काडी घालून तपासलं. काही नाही निघालं. यांचा विश्वास बसेना. पुन्हा गेले, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की फुप्फुसं तुमच्या-माझ्यापेक्षा साफ आहेत, यांच्या डोक्याला कसला घोर आहे का? मी म्हटलं, बाई, सगळ्या गल्लीलाच आहे. त्या म्हणाल्या की इथे मनाचे डॉक्टरही बसतात, घेऊन या. मी घरी येऊन यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणे, अल्लाल भट्टीवाला वेडा झाला असं सगळ्या बाजाराला ऐकवायचंय का तुला?

मग कोपऱ्यावरचा तो लोहार. माझ्याकडून मस्मन घेताना यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाला की सी अल्लाल, बरंय बुवा तुमचं, बायको तवा तापवते आणि तुम्ही घर तापवता. थट्टाच ती. पूर्वी यांनी याच्या चौपट लागेलसं उत्तर दिलं असतं. हे आत गेले आणि दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझाही तोल गेला. निदान कणीक तरी मळा, मी म्हणाले, हात आहेत ना देवाने दिलेले? बोलले आणि जीभ चावली. पण यांनी खरंच परात ओढून घेतली आणि मळायला बसले. खाली मान घालून. वन्सं, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ईद तोंडावर आली आहे. नवे कपडे नाहीत, पाहुणे नाहीत, मशिदीही बंद. तुम्हाला ईद मुबारक. माझ्यावर रुसला असलात तरी लोभ कमी करू नका. मला दुसरं कोण आहे बोलायला?

रकिया


लाराश,
१० जून २०२०

चि. सौ. रकियास,
अ. उ. आ.

उशीर झाला. आमच्या कारखान्यात रोग शिरला. आमच्या ओळीतल्या निम्म्या बायका उचलून नेल्या, मलाही एका हॉटेलात नेऊन ठेवलं. मला लक्षणं नव्हती, फक्त सार्डिनचा वास येईना. आयुष्यभर मागितलेलं सुख, तेही असं मिळालं. आता घरी आले आहे, ठणठणीत आहे.

त्या हॉटेलच्या खोलीत एकटी पडून असताना तुझं पत्र पुन्हापुन्हा आठवलं. खिडकी उघडत नव्हती. काम नाही, बोलायला माणूस नाही, कारखाना पुन्हा घेईल की नाही ठाऊक नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी माझीही छाती दडपली. मला, तामूला! मग म्हटलं, माझा अल्लाल मार्चपासून असाच आहे. तुला जे बोलले ते घाईत बोलले. मस्मन विक. लोहाराला म्हणावं, लाराशहून नणंद येतेय, तोंड सांभाळ.

मोठ्या ईदला मी येणार. तोवर रस्ते खुले होतील असं सगळे म्हणतात. आले की त्याच्या शेजारी बसते. मला तो सांगेल. तोवर सांभाळ, आणि स्वतःही खात जा.

माझा जीव तुमच्यापाशी आहे, हे धरून चाल.

तामू

मामी, दवाखान्यातल्या बाईंचं बरोबर आहे. मामांना न्याच. हा वेडेपणा नाही. आमच्या पुस्तकात याला आजारच म्हटलंय आणि त्याला औषध आहे. आणखी एक. आमच्या बाई शिकवायच्या की अशा माणसाच्या मनात मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर येतो. आडून विचारू नका, सरळ विचारा. आईला हे वाचून दाखवलं नाही. — शैमा


मेकनेस,
१६ जुलै २०२०

ती. वन्सं यांस,
स. वि. वि.

तुम्ही दुखण्यातून उठलात, अल्लाची कृपा. वियामने तुमच्यासाठी चित्र काढलंय, सोबत ठेवते. तो मासा आहे, मांजर नाही.

इकडची बातमी चांगली आणि वाईट, दोन्ही आहे. हमाम उघडायला परवानगी आली. आमच्या मागच्या गल्लीतला उघडलाही. आमचे हाज म्हणाले की अर्ध्या गिऱ्हाइकांवर लाकडाचा खर्चही निघत नाही. उघडायचाच तर गॅसचा बंब बसवून उघडतो. बटण दाबलं की पाणी गरम. त्यांनी यांना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि भट्टीच्या खोलीची किल्ली परत मागितली. बंबाला माणूस लागत नाही. हे घरी आले आणि एवढंच म्हणाले की किल्ली दिली.

मला वाटलं, आता हे कोसळतील. पण वन्सं, त्यानंतर यांच्यात फरक पडलाय. शांत झालेत. अडगळीच्या खोलीतून खाली आले. लोकरी जलाबा काढला आणि खालच्या म्हाताऱ्या रखवालदाराला देऊन टाकला. मी म्हटलं, अहो, हिवाळ्यात काय घालाल? हसले. इतक्या दिवसांनी हसलेलं पाहून मला पुढे बोलवेना. आपलं लोखंडी फावडं मागच्या गल्लीतल्या भट्टीवाल्याला देऊन आले. काल वियामला जवळ घेऊन घरभाड्याच्या पावत्या कुठे आहेत, पाण्याचं बिल कुठे भरतात, सगळं नीट समजावून सांगत होते. पोरगी कंटाळली, पण मला बरं वाटलं. माणूस पुन्हा घरात लक्ष घालायला लागला.

चि. शैमाने लिहिलं होतं ते विचारायचं धाडस काही झालं नाही. आता गरजही वाटत नाही. कशाला सुकत आलेली जखम उकरायची?

कुर्बानीच्या मेंढ्याचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. समोरच्या गच्चीवर त्यांचा मेंढा आलाय, दिवसभर ओरडतो. वियाम खिडकी लावून घेते. तुम्ही याल ना? तुम्ही आलात तर तीच आमची ईद.

लोभ घेऊनच या, बाकी काही आणू नका.

रकिया


लाराश,
२७ जुलै २०२०

रकिया, पोरी,
अ. उ. आ.

गाठोडं बांधून झालं होतं. काल संध्याकाळी बातमी आली की मध्यरात्रीपासून तुमचं मेकनेस, फास, तांजिया, सगळी शहरं बंद. ना आत जायचं, ना बाहेर यायचं. लोक मिळेल त्या गाडीने पळत सुटले. मीही स्थानकावर गेले. माझ्यासमोरून शेवटची टॅक्सी भरून गेली. मी रस्त्यात बसून ओरडले, लोकांनी पाहिलं, पाहू दे.

मी नाही येऊ शकत, पण वियामची ईद कोरडी जाऊ देणार नाही. स्टितूच्या ट्रकमध्ये मासळीच्या पेट्यांच्या मागे मेंढा बांधून पाठवते आहे. शिंगं छोटी आहेत, पण अंगाने भरलेला आहे. अल्लालला म्हणावं, बहिणीकडून घेण्यात कसली लाज?

तामू

मामी, हे आधी वाचा. तुमचं मागचं पत्र मला आवडलं नाही. माणूस एकदम शांत होतो, आपल्या वस्तू वाटतो, पावत्या दाखवतो, ते बरं झाल्याचं लक्षण नसतं. तुम्हाला फोन केला तर मामाच उचलतात आणि मला काही बोलता येत नाही. ईद होऊ दे मग बघू, असं करू नका. हे वाचाल त्या दिवशी विचारा. एकटं सोडू नका. विचारलंत की लगेच मला फोन करा. पाया पडते. — शैमा


मेकनेस,
४ ऑगस्ट २०२०

ती. वन्सं यांस आणि चि. शैमास,

फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुमच्या रडण्यात आणि माझ्या रडण्यात कोणालाच काही कळलं नाही. आता सगळं लिहिते.

मेंढा ईदच्या आदल्या दुपारी पोचला. स्टितूने जिन्याने वर चढवला. अंगाला बर्फाचं पाणी आणि मासळीचा वास. वियाम आनंदाने वेडी झाली. पत्र मी तेव्हाच वाचलं. शैमाची ओळही वाचली. पण घर आनंदात होतं, पोरगी मेंढ्याच्या गळ्यात हात घालून बसली होती, यांनी त्याला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं. चूक झाली, शैमा.

ईदला सकाळी नमाज घरीच होता. हे नमाज पढले, वियामच्या कपाळाचं चुंबन घेतलं, म्हणाले की खाटकाला बोलावून आणतो. मी चहा ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. चहा निवला. खाटीक आपणहून आला आणि विचारायला लागला की सी अल्लाल कुठेत, मला तर भेटले नाहीत. मी वळून पाहिलं तर फळीवर यांचं ओळखपत्र, घराची किल्ली आणि फोन, तिन्ही एका रांगेत ठेवलेले. मग मला पुढे काही ऐकू आलं नाही. पोरीला शेजारच्या लाल्ला फ्तूमच्या ओटीत टाकलं आणि पिठाच्या हातांनी धावत सुटले.

गल्लीत पोरं जाळ करून कापलेल्या मेंढ्यांची मुंडकी भाजत होती. धुराने समोरचं दिसेना. ज्याला त्याला विचारत गेले. तोच लोहार पुढे आला. म्हणाला की मी ईद मुबारक म्हटलं, त्यांनी उत्तर दिलं नाही, सहरिजच्या मोठ्या तळ्याकडे गेले. मग मी कशी पळाले, मला आठवत नाही. वेशीच्या दरवाजाच्या कमानीत पोलिसाने अडवलं, तोंडावर मास्क नाही म्हणून. मी त्याला एवढंच म्हटलं की माझा नवरा तळ्याकडे गेलाय. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातला स्वतःचा मास्क काढून दिला आणि माझ्यामागून चालायला लागला.

तळ्याच्या काठावर कोणी नव्हतं. सणाच्या सकाळी कोण असणार? हे एकटे कट्ट्यावर बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

मी शेजारी जाऊन बसले. दम लागल्याने बोलता येईना. मग मी यांना नावाने हाक मारली, वन्सं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी मारली नव्हती. एकेरीत विचारलं. अल्लाल, जीव द्यायला आलायस का? शैमाने सांगितलं होतं तसंच, सरळ.

हे म्हणाले, हो.

म्हणाले की किल्ली दिली त्या दिवसापासून ठरवलं होतं, म्हणून तर शांत वाटत होतं. म्हणाले की तू कमावतेस, मेंढा ताई पाठवते, पाणी बटणावर तापतं. या घरात, या शहरात माझ्यावाचून कशाचं अडत नाही. एक तोंड कमी झालं तर उलट तुम्हाला बरं. हे सगळं इतक्या सरळ आवाजात, जणू लाकडाचा हिशेब सांगताहेत.

मला पुष्कळ बोलायचं होतं. शपथा घालाव्या, ओरडावं, थोबाडीत मारावी. यातलं काही केलं नाही. म्हटलं, ऐकलं मी. मी इथून उठणार नाही. आणि खरंच बसून राहिले. पिठाचे हात यांच्या हातात घालून. पोलीस थोड्या अंतरावर पाठ करून उभा होता. ऊन चढलं, कट्टा तापला. खूप उशिराने हे रडायला लागले. मार्चपासून पहिल्यांदा. लहान पोरासारखं, आवाज काढून. मग मी चपला यांच्या पायात घातल्या.

पोलिसाने टॅक्सी थांबवली आणि आमच्याबरोबर इस्पितळात आला. सणाचा दिवस, तरी मनाचे डॉक्टर आले. दोन रात्री यांना ठेवून घेतलं, मी खुर्चीत. आता घरी आहेत. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले की गुण यायला आठवडे लागतील, घाई करायची नाही आणि सध्या एकटं ठेवायचं नाही. लोहार सकाळी येऊन यांच्याशेजारी बसतो. काही बोलत नाही, बसतो. मेंढा लाल्ला फ्तूमच्या मुलाने कापला. मी चव घेतली नाही.

शैमा, तुझ्या त्या ओळी नसत्या तर मला तोंड उघडता आलं नसतं. वन्सं, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मेंढा मायेनेच आला होता.

माझी काळजी करू नका, मी ठीक आहे.

रकिया


लाराश,
९ ऑगस्ट २०२०

रकिया,

हे माझं मी लिहिते आहे. शैमाला नाही सांगितलं. मला चार इयत्ता येतात. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मी त्याला वाढवलं आणि मला दिसलं नाही. तू उपाशी राहून पाहिलंस. एप्रिलमध्ये मी तुला जे बोलले ते मी परत घेते.

अल्लालला सांग, ताई म्हणते की कमावणारा म्हणून तू माझा भाऊ नव्हतास. शेंबडा होतास तेव्हाही भाऊ होतास.

पुढे लिहवत नाही.

तुझी तामू


मेकनेस,
२५ ऑक्टोबर २०२०

ती. ताईस,
अल्लालचा सलाम.

मी तुला पत्र लिहितोय याचा तुला धक्का बसेल. रकियाने तुला उन्हाळाभर काय काय लिहिलं ते तिने मला सगळं सांगितलं. म्हटलं, आता एक माझंही जाऊ दे.

मी बरा आहे असं लिहिणार नाही. पूर्वी सारखा तेच म्हणायचो. गोळ्यांनी झोप लागते, तोंड कोरडं पडतं. काही सकाळी अजून छातीवर ओली गोणी ठेवल्यासारखं होतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उठून बसतो आणि रकियाला सांगतो की आज गोणी आहे. मग ती दुपारपर्यंत हलकी होते. पूर्वी व्हायची नाही.

हमाम गॅसवर सुरू झाला. पहिल्या दिवशी त्या गल्लीतून जाताना पाय अडखळले. आता जातो. जैतुनाची तोडणी सुरू झाली आहे. आठवड्यातले काही दिवस ट्रकने शेतांवर जातो. मजुरी थोडी आहे, पण दिवसभर झाडाखाली असतो. मी मनाच्या डॉक्टरकडे जातो हे मी लोहाराच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. त्यानंतर गल्लीतले तिघे वेगवेगळे येऊन, इकडेतिकडे बघत, मला त्या दवाखान्याचा पत्ता विचारून गेले. त्यातला एक कोण ते सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही.

पण पत्र यासाठी नाही. रकियासाठी आहे.

ताई, ती तुला लिहिते ना, मी ठीक आहे? ती ठीक नाही. मी कूस बदलली तरी ती उठून बसते. मी गच्चीवर गेलो तर काहीतरी निमित्त काढून मागे येते. तोडणीला जातो तेव्हा ट्रक वळेपर्यंत कोपऱ्यावर उभी असते, आणि संध्याकाळी परत येतो तेव्हाही तिथेच असते. मला वाटायचं, काळजीपोटी. मग गेल्या आठवड्यात तव्यावर मस्मन टाकताना तिच्या हातून गरम तेल पायावर सांडलं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, दमलेय. ताई, हे शब्द मी ओळखतो. मीच वापरायचो.

मग वियामला नजरेआड पाठवून मी तिला समोर बसवलं आणि सरळ विचारलं. आधी हसली. म्हणाली की तुम्ही मला विचारणार? मग जी रडायला लागली ती थांबेना. मरायचा विचार नाही, म्हणाली, पण जगायचं बळही उरलेलं नाही. कुठे दार आपटलं की ती त्या सकाळच्या रस्त्यावर धावत असते. मार्चपासून घर तिने ओढलं, मला तिने ओढलं, आणि सगळ्यांना पत्रातून लिहिलं ते फक्त माझ्याबद्दल. तिच्याबद्दल तिला कोणी विचारलंच नाही. मीही नाही, तूही नाही.

गुरुवारी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. ती आत गेली, मी बाहेरच्या बाकावर बसलो. चांगला वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण माझ्या खांद्यावर हात टाकून चालली. भर रस्त्यात. तव्याचं काम सध्या मी आणि वियाम बघतो. मस्मन जाड होतात, गिऱ्हाइकं बोलतात, तरी नेतात.

तुला एकच मागणं आहे. आता परवानगीचा कागद काढला की येता येतं. तू ये. मेंढा नको, मासळी नको, पैसे नकोत. ये आणि तिच्याशेजारी बस. आणि गोड बोलू नकोस. ती म्हणते की वन्सं ऑगस्टपासून माझ्याशी इतकं मऊ बोलतात की मला भीती वाटते, काहीतरी फारच वाईट झालंय. आल्या आल्या तिला दोन शब्द सुनाव. हरीरा पातळ झाली म्हण, पोरीचे केस नीट विंचरले नाहीत म्हण. ती उलटून बोलली की समज, तिला बरं वाटतंय.

खालून रकिया हाक मारते आहे. जिन्यात अंधार आहे, दिवा धर म्हणते. जातो.

लोभ असू दे, ताई. पण या खेपेस माझ्यावर नको. तिच्यावर असू दे.

तुझा,
अल्लाल